विश्लेषण : हरित संशोधनाच्या निधीचे नियम ठरताना भट्टीवरच्या माणसाला कोण विचारणार?

राजारामपुरीला लागूनच असलेल्या शिवाजी उद्यमनगरात सकाळच्या पहिल्या चहाला थांबले, तर 'हरित संक्रमण' हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. कानावर येते ते वीजबिल, स्क्रॅपचा भाव, पुण्याच्या कंपनीने परत पाठवलेला माल आणि 'मोल्डिंगला माणसं मिळंनात' ही तक्रार. खरे तर हरित संक्रमण म्हणजे या चारही गोष्टींचाच प्रश्न आहे. मात्र त्यासाठी दिल्लीत जो पैसा राखून ठेवला जात आहे, तो कुणाला, कोणत्या अटींवर आणि कशाच्या मोजमापावर मिळणार, हे ठरवताना या चहाच्या टपरीवरचे कुणीही तिथे नसते. मालक निदान संघटनेमार्फत निवेदन तरी देतो. कामगाराला निवेदन कुठे द्यायचे, हेच माहीत नाही.

हा निधी किती आहे, नियम काय आहेत, इतर देशांत कामगारांना विचारले जाते का, आणि कोल्हापूरच्या अडीचशे-तीनशे फाउंड्रींचा याच्याशी काय संबंध, हे समजून घेऊ.

पैसा नेमका कुठे आहे?

तीन ठिकाणी. पहिले, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. २०२३ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीबाहेरून, म्हणजे उद्योग, सार्वजनिक कंपन्या आणि देणग्यांतून येणे अपेक्षित आहे. दुसरे, संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजूर केलेला हा तब्बल एक लाख कोटी रुपयांचा निधी खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज देण्यासाठी आहे. ऊर्जा संक्रमण आणि हवामानविषयक कृती ही त्यातली प्राधान्याची क्षेत्रे आहेत. तिसरे ठिकाण संशोधनाचे नाही, वापराचे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 'अडिटी' योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. एक हजार कोटींच्या या योजनेत लघुउद्योगाने ऊर्जा वाचवणारे यंत्र घेतले, तर सूक्ष्म आणि लघु घटकांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के, मध्यम घटकांना तीन टक्के सवलत मिळते. पात्र १४ क्षेत्रांत फाउंड्री आहे, फोर्जिंगही आहे.

ऐकायला सगळे छान. आता अटी बघा. एक लाख कोटींच्या योजनेत पैसा मिळतो तो तंत्रज्ञान सज्जतेच्या चौथ्या पायरीवर किंवा त्यापुढे असलेल्या प्रकल्पाला. म्हणजे कल्पना प्रयोगशाळेत तपासून झालेली हवी. शिवाय प्रकल्पखर्चाच्या साधारण निम्म्यापर्यंतच कर्ज, उरलेले स्वतः उभे करायचे. महिन्याला शंभर-दोनशे टन ओतणारा शिरोलीचा फाउंड्रीवाला या दारातून आत जाणे अवघड. तिसऱ्या योजनेचे दार त्याच्यासाठी उघडे आहे, पण तिथे त्याला बाजारात तयार मिळणारे यंत्र विकत घ्यायचे आहे. यंत्र आपल्या मातीला, आपल्या स्क्रॅपला, आपल्या विजेला मानवते का, हे तपासून बघणारी मधली पायरी दोन्हीकडे नाही. कोल्हापूरला नेमकी तीच हवी आहे.

नियम ठरवणाऱ्या खोलीत कोण बसते?

संशोधन प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. मंत्री, सचिव, शास्त्रज्ञ असतात. कायद्याने व्यापार-उद्योग क्षेत्रातून पाचपर्यंत सदस्य नेमता येतात, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतून एक. कामगार संघटनांसाठी जागा नाही. उद्योगाने पैसा घालायचा आहे तर त्याचा आवाज हवा, हा युक्तिवाद मान्य. पण ज्या संशोधनाने कामाची पद्धत बदलणार, त्यात काम करणाऱ्याचा आवाज नको, हे त्यातून कसे निघते?

आपल्याकडे त्रिपक्षीय सल्लामसलतीची परंपरा नव्हती असे नाही. १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसले आणि त्यातून पुढे भारतीय श्रम परिषद उभी राहिली. तिचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले. त्यानंतर एकही झालेले नाही. दरम्यान चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाल्या. ज्या दशकात हरित संक्रमणाचे बहुतेक सगळे निर्णय झाले, त्या दशकात देशातले सर्वांत मोठे त्रिपक्षीय व्यासपीठ बंद राहिले. याबद्दल केवळ कामगार संघटनांनी ओरड करावी आणि उद्योजक संघटनांनी गप्प बसावे, हे बरे नव्हे. लघुउद्योजकाचेही म्हणणे मांडायची जागा तीच होती.

युरोपात काय होते?

तिकडचे उदाहरण लोखंडाचेच आहे, म्हणून सांगण्याजोगे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ च्या पॅरिस कराराने युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदाय स्थापन झाला. त्याच्या सल्लागार समितीत उत्पादक, कामगार आणि ग्राहक-व्यापारी यांना सारख्याच संख्येने जागा होत्या. समुदायाने उत्तेजन द्यावयाच्या संशोधनात उत्पादनाबरोबर कामगारांच्या सुरक्षिततेचे संशोधनही येईल, हे करारातच लिहिलेले होते. खाणी बंद पडल्या तर कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी साहाय्याची तरतूद होती.

पन्नास वर्षांची मुदत भरून २००२ मध्ये हा करार संपला. कंपन्यांकडून घेतलेल्या उपकरातून जमलेली शिल्लक सरकारांनी वाटून घेतली नाही. तिचा कोळसा आणि पोलाद संशोधन निधी केला. २०२१ मध्ये त्याचे नियम बदलले. वर्षाला ११.१ कोटी युरो खर्चायचे ठरले आणि कोळशाच्या वाट्याचा रोख खाणकाम वाढवण्यावरून बंद होत चाललेल्या खाणपट्ट्यांच्या न्याय्य संक्रमणाकडे वळला.

पण तिथेही सगळे आलबेल आहे असे समजू नये. २००८ च्या नियमांनुसार या निधीच्या पोलाद सल्लागार गटात ३० जागा होत्या आणि त्यातल्या कामगार संघटनांना दोन. १९५१ मध्ये एक तृतीयांश, २००८ मध्ये पंधरावा हिस्सा! वाटा घसरला हे खरेच. तरी त्या दोन खुर्च्यांमुळे प्रस्तावाच्या कागदावर सुरक्षितता, आरोग्य, कामाची परिस्थिती हे विषय राहतात. आपल्याकडे दोनही नाहीत.

कोल्हापूरला याआधी असा अनुभव आला आहे का?

आला आहे, आणि त्याची उजळणी करायला हवी. २०१० नंतर जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण सुविधेच्या पैशातून सिडबी आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने लघुउद्योगांतील ऊर्जा बचतीचा प्रकल्प राबवला. सुरुवातीला निवडलेल्या देशातल्या पाच समूहांत कोल्हापूरची फाउंड्री आणि पुण्याचे फोर्जिंग होते. ऊर्जा लेखापरीक्षणे झाली, अहवाल झाले, कारखान्यांनी सुधारणाही केल्या. अशा कामांचे यश मोजले जाते ते वाचलेली ऊर्जा, टळलेला कार्बन आणि झालेली गुंतवणूक यांवर. तीनही मापे योग्यच आहेत. फक्त भट्टीवर काम करणाऱ्याचे काय झाले, हे त्या तिन्हींत कुठेच येत नाही.

त्याआधीची गोष्ट हावड्याची. तिथल्या एका फाउंड्रीत १९९८ मध्ये टेरी या संस्थेने स्वित्झर्लंडच्या विकास सहकार्य संस्थेच्या पैशातून दुहेरी हवेच्या झोताची कपोला भट्टी उभी केली. जुन्या कपोलापेक्षा कोक सुमारे एक तृतीयांश कमी लागू लागला. संशोधनाच्या पैशातून प्रत्यक्ष चालत्या लहान फाउंड्रीत प्रात्यक्षिक, हा तो मधला टप्पा. कपोला चालवलेले कुणीही सांगेल की ही बचत टिकायची तर कोकच्या तुकड्यांचा आकार, चार्जचे वजन आणि हवेचा दाब रोज सांभाळावा लागतो. या तिन्ही गोष्टी सांभाळतो तो चार्जिंगचा माणूस. त्याला डावलून कितीही चांगली रचना आणली, तरी महिन्याभरात भट्टी जुन्या सवयीवर येते.

तिसरा दाखला न्यायालयाचा. ताजमहालाच्या परिसरातील उद्योगांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. २९२ उद्योगांनी कोक-कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा किंवा स्थलांतर करावे, असा तो आदेश. त्यात आग्ऱ्याच्या फाउंड्री होत्या. त्याच निकालात स्थलांतर करणाऱ्या उद्योगांतील कामगारांची नोकरी अखंड मानावी, मधल्या काळाचे वेतन द्यावे आणि एक वर्षाचा पगार स्थलांतर बोनस म्हणून द्यावा, असेही सांगितले होते. 'न्याय्य संक्रमण' हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी! पण कामगारांना तो हक्क न्यायालयाने द्यावा लागला. योजना आखणाऱ्यांना तो सुचला नव्हता.

आणि आपल्या शहरातली शाहू मिल? राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पायाभरणी केलेली ही गिरणी २००३ मध्ये बंद पडली. कारणे वेगळी होती, हरित वगैरे काही नव्हते. तंत्र आणि बाजार बदलत असताना कामगाराशी वेळेत बोलले नाही, की वीस वर्षांनी चर्चा फक्त रिकाम्या जागेचे काय करायचे एवढीच उरते, हे कोल्हापूरकर उघड्या डोळ्यांनी बघत आहेत.

पण भट्टी बदलली की झाले ना हरित?

इथे थोडे गणित करू. कोल्हापुरात अनेकांनी कोकवर चालणारी कपोला सोडून विजेवरची इंडक्शन भट्टी घेतली. धूर गेला, शेजाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या, धातूची प्रत हातात आली. हा फायदा खराच आहे. कार्बनचे काय? एक टन लोखंड वितळायला इंडक्शनला साधारण ६०० युनिट वीज धरू. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. झाले ४२० किलो. कपोलात टनाला सव्वाशे किलो कोक आणि त्यात शंभर किलो शुद्ध कार्बन धरला, तर होतात सुमारे ३६७ किलो. म्हणजे ग्रिडची वीज कोळशावर आहे तोवर इंडक्शन भट्टी हवेसाठी स्वच्छ, पण कार्बनच्या हिशेबात कपोलाच्या जवळपासच, प्रसंगी वरच. सौर किंवा पवन वीज घेतली तर चित्र पालटते. २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी ही सोय १०० किलोवॉटच्या ग्राहकापर्यंत आणली, हे चांगले झाले.

आता दुसरे गणित. हे उदाहरणादाखल. एक टन वितळलेल्या धातूतून रनर-रायझर वजा जाता ६०० किलोचे कास्टिंग हाती येते आणि त्यातले आठ टक्के बाद होते. उरले ५५२ किलो. चांगल्या एक टन कास्टिंगमागे वीज पडली सुमारे १,०८७ युनिट. तेच रिजेक्शन चार टक्क्यांवर आणले तर ५७६ किलो माल आणि टनामागे सुमारे १,०४२ युनिट. नवे यंत्र न घेता ४५ युनिट वाचली. शिवाय वाळू, बाइंडर, फेटलिंगची मजुरी वाचली ती वेगळीच.

रिजेक्शन कुणाच्या हातात असते? वाळूची ओल बोटांनी ओळखणाऱ्या मोल्डरच्या, कोअर बसवणाऱ्याच्या, धातू साच्यात ओतायला दोन मिनिटे उशीर झाला तर काय होते हे जाणणाऱ्या पोअररच्या. डिझाइन आणि मशीनचाही वाटा असतो, हे मान्य. मात्र हरित संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना या माणसांचे ज्ञान 'संशोधन' म्हणून मोजायची सोयच कुठल्या अर्जात नसते. यंत्राची किंमत लिहायला रकाना असतो. मोल्डरच्या प्रशिक्षणाचे दिवस लिहायला नसतो.

आरोग्याचे तेच. फाउंड्रीच्या वाळूत सिलिका असते. नॉकआउट आणि फेटलिंगच्या धुळीतून सिलिकोसिसचा धोका असतो आणि कायद्याने हा व्यवसायजन्य आजार मानलेला आहे. वाळूचा पुनर्वापर ही हरित गोष्ट आहे, नदीवर आणि डंपिंगच्या जागेवरचा ताण त्याने कमी होतो. पण वापरलेली वाळू पुन्हा चाळताना, घासताना बारीक धूळ वाढते. प्रकल्पाच्या खर्चात धूळ शोषणारी यंत्रणा सक्तीची नसेल, तर कागदावर हरित झालेला प्रकल्प कुणाच्या तरी फुप्फुसावर चालतो.

मालकांचे म्हणणे काय?

ते ऐकल्याविना पुढे जाणे अन्यायाचे होईल. उद्यमनगरातला लहान मालक म्हणजे बहुतेकदा कालचा मेस्त्री किंवा मेस्त्रीचा मुलगा. तो स्वतः भट्टीवर उभा राहतो. 'कामगारांशी मी रोज बोलतो, त्याला सल्लामसलत कशाला म्हणायची?' हा त्याचा प्रश्न खोटा नाही. दुसरी अडचण, बोलायचे कुणाशी? लहान फाउंड्रीत युनियन क्वचितच असते. मोल्डिंग-फेटलिंगचे काम ठेकेदाराकडे, माणसे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची, हंगाम संपला की गावी जाणारी. आणि तिसरी भीती, ऊर्जा बचतीच्या बैठकीचे रूपांतर बोनसच्या मागणीत होईल.

कामगार संघटनांनीही आरशात बघावे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यासारख्यांनी असंघटितांना उभे केलेले हे शहर. तरीही वेतन, बोनस आणि कायम करणे यापलीकडे तंत्रज्ञानाच्या प्रश्नावर संघटनेने अभ्यास करून मांडलेली भूमिका शोधावी लागते. परप्रांतीय कंत्राटी कामगाराला सभासद करून घेण्याचा उत्साहही बेताचाच. जो भट्टीजवळ सर्वांत जास्त वेळ असतो तोच संघटनेबाहेर असेल, तर संघटना कुणाच्या वतीने बोलणार?

कायदा काय सांगतो?

थोडा आधार देतो, पुरेसा नाही. यंत्र किंवा तंत्र सुधारताना कामगार कपात होण्याची शक्यता असेल, तर २१ दिवसांची बदलाची सूचना द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. म्हणजे कायदा जागा होतो तो निर्णय झाल्यावर आणि नोकरी जाणार असेल तर. नोकरी तीच राहून काम बदलणार असेल, तर त्याला काही म्हणायचे नाही. शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे कार्य समिती नेमण्याचा आदेश सरकार देऊ शकते. उद्यमनगरातले बहुतेक कारखाने या आकड्याच्या कितीतरी खाली. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असल्यास तक्रार निवारण समिती हवी, पण ती तक्रारीसाठी. भट्टी कोणती घ्यावी, हा तिचा विषय नाही.

मग करायचे काय?

कारखान्याच्या पातळीवर सल्लामसलत जमत नसेल तर ती समूहाच्या पातळीवर करावी, असे आमचे मत आहे. कोल्हापुरात हे इतर शहरांपेक्षा सोपे आहे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन उद्यमनगरात आहे, शिरोलीची स्मॅक आहे, गोकुळ शिरगावची गोशिमा आहे, फाउंड्रीतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेची शाखा आहे. शिवाजी विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. समोरच्या बाजूला आयटक, सिटू, इंटक, भारतीय मजदूर संघ. यांनी एकत्र बसून केंद्राकडे एकच संयुक्त निवेदन द्यावे. मालकांचे वेगळे, कामगारांचे वेगळे असे गेले की दिल्लीत दोन्ही फायलीत बसतात.

त्या निवेदनात मागायचे काय, यावर दोन्ही बाजूंचे फारसे भांडण होण्याचे कारण नाही. लहान फाउंड्रीत प्रात्यक्षिकासाठी अनुदान हवे, कर्ज नको. नवा प्रयोग फसला तर तोटा एकट्या मालकाच्या डोक्यावर येता कामा नये. प्रत्येक प्रकल्पखर्चाचा ठरावीक हिस्सा प्रशिक्षण आणि धूळ-उष्णतेपासून संरक्षणासाठी राखीव हवा आणि त्यात कंत्राटी कामगार मोजलेला हवा. यश मोजताना वाचलेल्या युनिटबरोबर रिजेक्शन, अपघात आणि टिकलेल्या नोकऱ्या यांचेही आकडे मागावेत. सार्वजनिक पैशातून निघालेले निष्कर्ष मराठीत, मेस्त्रीला वाचता येतील असे छापावेत. आणि निवड समितीत कामगारांचा प्रतिनिधी हवा. युरोपसारखे दोनच असले तरी सुरुवात म्हणून चालतील.

जिथे खरोखर भांडण होईल तो मुद्दा बचतीच्या वाट्याचा. मोल्डरच्या कसबामुळे रिजेक्शन निम्मे झाले, तर वाचलेल्या पैशातला काही भाग त्याला मिळावा का? आमच्या मते मिळावा. मालक म्हणतील, कर्जाचा हप्ता आम्ही भरतो. हा वाद मिटायचा तेव्हा मिटेल, पण तो निदान कारखान्याच्या दारात न होता आकडे समोर ठेवून टेबलावर व्हावा.

घाई यासाठी की बाहेरचा ग्राहक थांबणार नाही. युरोपच्या सीमेवरील कार्बन समायोजन व्यवस्थेचा प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे. ओतीव लोखंडी पाइप, फिटिंग यांसारखा माल त्यात येतो. मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडेही टनामागे किती कार्बन, हा आकडा मागू लागल्या आहेत. तो आकडा तयार करण्यासाठी प्रत्येक हीटला किती युनिट लागले, किती धातू ओतला आणि किती माल परत आला, याची नोंद लागते. ती वही आजही बहुतेक फाउंड्रीत रात्रपाळीचा भट्टीवाला लिहितो. संयुक्त निवेदनाच्या पहिल्या बैठकीला दोन्ही बाजूंनी त्याला बोलवावे आणि बैठक त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावी.